गोड्या पाण्यातली बुडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून आलेल्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत, आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. समुद्र दूर आहे, वर्षातून एकदा-दोनदाच जाणे होते, मग शिकलेले विसरू नये म्हणून घराजवळच्या गोड्या पाण्यात बुडी घेता येईल का, आणि घ्यायचीच तर जागा कशी निवडावी, असे हे विचारणे आहे. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी मालवणला ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. पुण्याच्या आसपास पानशेत, पवना, मुळशी अशी इतकी धरणे असताना सरावासाठी त्यांपैकी कोणते निवडावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या अर्थाने आपण विचारता त्या अर्थाने, एकही नाही. हे उत्तर निराश करणारे आहे याची कल्पना आहे, म्हणून कारणे सविस्तर देतो.

पहिली अडचण परवानगीची आहे. राज्यातील बहुतेक धरणे जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. मुळशी आणि लोणावळ्याजवळची वळवण, शिरवता ही धरणे टाटा पॉवरची आहेत. यांतल्या अनेक जलाशयांचे पाणी पिण्यासाठी जाते, आणि कोयनेसारख्या ठिकाणी सुरक्षेच्या कारणाने साध्या नौकाविहारावरही कडक निर्बंध घातले गेले आहेत. त्याशिवाय मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी संध्याकाळी टाकलेली बारीक नायलॉनची जाळी आणि तंगूस (मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा) पाण्यात अक्षरशः दिसत नाहीत. सिलिंडरच्या तोटीत ती अडकली की आपल्या हाताने सोडवणे जवळजवळ अशक्य असते. डायव्हरने जवळ बाळगायची सुरी दिखाऊ नसावी, तिने तंगूस एका ओढीत कापला पाहिजे, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

दुसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते, आणि समुद्रात शिकलेल्या माणसाला तिची सवयच नसते. धरणाचे पाणी शांत दिसते, पण त्याला विमोचक (पाणी सोडण्याची दारे) असतात, मोऱ्या असतात, वीजगृहाकडे जाणारे बोगदे असतात. १० मीटर खोलीवर पाण्याच्या स्तंभाचा भार एका चौरस मीटरवर सुमारे १० टन पडतो. पलीकडे मोकळी हवा असलेल्या ३० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंच भोकावर तो ९०० किलोच्या आसपास जातो. अशा भोकावर पाय किंवा पाठ ओढली गेली तर बाहेर खेचून काढायला माणसांचे बळ पुरत नाही, आणि ओढ जाणवते तीही अगदी जवळ गेल्यावर, एकाएकी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला हाच न्याय लागू आहे. बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असताना वरच्या अंगाला पाणी आरशासारखे स्थिर असते, आणि दोन बरग्यांमधल्या फटीतून ते जोराने खाली धावत असते. बंधाऱ्याच्या आणि धरणाच्या भिंतीपासून लांब राहणे, हा सल्ला नसून अट समजावी.

एवढे असूनही एखाद्या संस्थेने रीतसर लेखी परवानगी काढली असेल, त्या दिवशी पाणी सोडले जाणार नाही असे संबंधित अभियंत्यांकडून कळले असेल आणि जागा भिंतीपासून दूर, फुगवट्याच्या एखाद्या खडकाळ कडेला असेल, तर त्या संस्थेबरोबर अवश्य जावे. एकट्या-दुकट्याने शनिवारी सकाळी गाडीत सिलिंडर टाकून जाण्याची ही जागा नव्हे. आणखी एक गोष्ट, ती आपल्यासाठी नाही, हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी आहे : मालवणला प्रशिक्षकाने सिलिंडर धरून वीस मिनिटे मासे दाखवले आणि चित्रफीत हातात दिली, तर तो अनुभव झाला, प्रशिक्षण नव्हे. त्या बळावर गोड्या पाण्यात उतरू नये.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर काळ्या दगडाची एक बंद खाण आहे. पंधरा-वीस वर्षांपासून पाणी साचलेले आहे आणि वरून ते निळसर, स्वच्छ दिसते. मालक ओळखीचे आहेत. आम्ही चौघे प्रमाणपत्रधारक डायव्हर आहोत. ही जागा योग्य आहे की नाही हे आम्हीच कसे ठरवावे? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण महाराष्ट्रात सरावासाठी खरोखर विचार करावा अशी गोड्या पाण्याची जागा असेल तर ती हीच : बंद पडलेली, एका मालकाची, वाहते पाणी नसलेली दगडखाण. इंग्लंड-अमेरिकेतही हजारो डायव्हर अशाच खाणींत तयार झाले आहेत. मात्र आपल्याकडच्या खाणींना आपल्याकडचीच काही दुखणी आहेत, म्हणून पाण्यात उतरण्याआधी निदान दोन सकाळी काठावर घालवाव्यात.

पहिल्या सकाळी फक्त चौकशी करावी. खाणीत काम केलेला एखादा जुना माणूस गावात असतोच. त्याच्याकडून तळाचा आकार, पायऱ्यांसारखे कट्टे कुठे आहेत, एखादे यंत्र किंवा लोखंडी दोर आत राहिला आहे का, हे विचारावे. मग गणपतीचे विचारावे. अनेक गावांत आणि शहरांत बंद खाणींमध्येच विसर्जन होते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती वर्षानुवर्षे विरघळत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर गेलेले बांबू, तारा, कापड आणि मखराचे सांगाडे तळाशी पडून असतात. भक्तीचा भाग वेगळा. डायव्हरच्या दृष्टीने ते अडकण्याचे साहित्य आहे. विसर्जनाची खाण असेल तर विसर्जनघाटाची बाजू पूर्णपणे वगळावी, आणि खाण लहान असेल तर तिचा नाद सोडावा. शेजारच्या खाणपट्ट्यात सुरुंग लावले जातात का, हेही त्याच दिवशी पक्के करावे. स्फोटाचा धक्का पाण्यातून फार जोराने पोहोचतो आणि काठावर ज्याचा नुसता आवाज ऐकू येतो तो पाण्यातल्या माणसाच्या कानाला व फुप्फुसाला इजा करू शकतो. शेजारी काम चालू असेल तर बुडी नाही.

त्यानंतर बाहेर पडण्याची वाट पाहावी. मी कोणत्याही नव्या जागी गेलो की पाण्याकडे शेवटी पाहतो; आधी काठ पाहतो. दगड वाहून नेणारे ट्रक ज्या उतारावरून खाली जात तो उतार पाण्याखाली गेला असला तरी बहुधा शाबूत असतो, आणि खाणीची तीच उत्तम बाजू असते : पाय टेकवत आत जाता येते, थकलेल्या किंवा बेशुद्ध जोडीदाराला ओढत बाहेर आणता येते. असा उतार नसेल, चहूबाजूंनी उभा कातळ असेल, तर बुडी कितीही सोपी असली तरी बाहेर येणे सोपे नाही. दोरीच्या शिडीवरून, पाठीवर सिलिंडर घेऊन, चार मीटर चढून पाहावे म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. उभ्या कातळाच्या खाली थांबूही नये. सुरुंगांनी खिळखिळा झालेला काळा दगड पावसाळ्यानंतर सुटून पडतो.

दुसऱ्या सकाळी मोजमाप करावे. दोरीला वजन बांधून, हवा भरलेल्या ट्यूबवरून किंवा लहान होडीतून, दर पाच मीटरवर खोली मोजावी आणि कागदावर नकाशा काढावा. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची १८६५ सालापासून चालत आलेली पद्धत अशी आहे की, पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथली खोली नोंदवायची. ती पद्धत शोधणारे सेक्की हे इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्याला घरातले जुने ताट पांढरे रंगवून पुरते. ताट दोन मीटरच्या आत दिसेनासे झाले तर मी त्या दिवशी उतरत नाही. हा माझा आकडा आहे, नियम नव्हे. पण एक लक्षात ठेवावे की ताट वरून उजेडात पाहिलेले असते, खाली गेल्यावर आणि एकदा गाळ हलल्यावर त्याच्या निम्मेही दिसत नाही. लांब बांबू तळाला खुपसून गाळाची जाडी पाहावी. बांबूबरोबर सडक्या अंड्यासारखा वास वर आला, तर तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू नाही आणि तिथे काही सडते आहे असे समजावे. त्या थरात शिरू नये.

वरून निळसर दिसणाऱ्या पाण्याविषयी आपण लिहिले आहे. मी एकदा अशाच निळ्या खाणीत उतरलो होतो. पहिले सहा मीटर काचेसारखे होते. नंतर तळाजवळ मी जरा निष्काळजीपणे फिन्स मारले आणि क्षणात स्वतःचा हात दिसेनासा झाला. जोडीदार दीड मीटरवर होता, त्याला मी दिसत नव्हतो आणि तो मला. आम्ही दोघांनी शिकवल्याप्रमाणे एक मिनिट शोधले, सावकाश वर आलो आणि पृष्ठभागावर भेटलो. घडले काहीच नाही, पण पुढे दोघांमध्ये दोन मीटरची दोरी ठेवल्याशिवाय मी खाणीत गेलेलो नाही. समुद्रातली वाळू उडते आणि बसते. खाणीतला दगडाचा भुकटीसारखा गाळ उडाला की तास-दीड तास बसत नाही, आणि त्याला वाहून नेणारा प्रवाहही नसतो.

हंगामाचे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात पाणी गढूळ, आणि भरपावसात लेप्टोस्पायरोसिसची भीती. दिवाळीनंतर गाळ बसतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी सर्वांत स्वच्छ असते. मार्चनंतर ऊन वाढते, पातळी उतरते, शेवाळ वाढून पाणी हिरवे होते. हिरवा रंग साईसारखा वर तरंगत असेल तर अंगालाही लावू नये. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट आणि काही मीटर खाली एकदम गार, असा थर लागतो. अंगात फक्त टी-शर्ट असलेल्या माणसाला तिथे दम लागल्यासारखे होते, म्हणून ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट मराठी हवेतही चैन नाही.

आणि मगर. आपल्या भागात हा प्रश्न गमतीने घेण्यासारखा नाही. सांगलीजवळची कृष्णा, तिला मिळणारी वारणा, कोकणातल्या सावित्री आणि वाशिष्ठी, मुंबईतला पवई तलाव, या ठिकाणी मगरी आहेत. नदीला लागून असलेल्या, पुरात नदीशी एक होणाऱ्या खाणीत मगर येऊ शकते. नदीतले डोह तर या आणि इतर कारणांसाठी वर्ज्यच समजावेत. महाडजवळच्या वाळणकोंडीसारखे काही डोह देवाचे म्हणून राखलेले आहेत, तिथले मासे पिढ्यान् पिढ्या कोणी मारत नाही, आणि तिथे काठावरूनच त्यांना पाहून परत यावे हे उत्तम.

हे सर्व जमले, तर पहिल्या दिवशी १० मीटरच्या वर राहून, दोघे पाण्यात आणि दोघे काठावर अशी वाटणी करावी. काठावरच्या दोघांपैकी एकाने सूट घालून तयार बसावे. प्राणवायूचा संच, मालकाचे लेखी संमतिपत्र, १०८ क्रमांकाला सांगता येईल असा रस्त्याचा नेमका पत्ता, आणि फोनला रेंज कुठे मिळते याची आधीच केलेली खात्री, एवढे बरोबर असावे. पुनर्दाबकक्ष, म्हणजे बुडीनंतर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झालेल्या माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली, जिल्ह्याच्या रुग्णालयात नसतो; मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे. कोल्हापूरहून हे अंतर किती तासांचे आहे ते आपण जाणता, म्हणून खोली आणि वेळ दोन्ही हात राखून ठरवाव्यात.

प्रश्न : उजनीच्या पाण्यात पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर बुडालेले आहे. ते पाण्याखाली असताना डायव्हिंग करून पाहता येईल का? — एक वाचक, बारामती

उत्तर : कल्पना मोहक आहे, पण पाणी साथ देणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरते, आणि भिगवणच्या पक्ष्यांना मानवणारे ते हिरवे पाणी डायव्हरला मानवणारे नाही : मंदिराच्या भिंतीला नाक लागले तरी मंदिर दिसणार नाही. शिवाय तो मासेमारीचा भाग आहे, म्हणजे जाळी आलीच, आणि जुन्या दगडी बांधकामाच्या आत, डोक्यावर छत असलेल्या जागेत शिरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. पातळी फार खाली गेलेल्या उन्हाळ्यात हे मंदिर पाण्याबाहेर येते. तेव्हा टोपी घालून जावे. गोव्यातल्या साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव तर बहुधा दर मे महिन्यात वर येते आणि जुने गावकरी तिथे जमतात. बुडालेले गाव पाहण्याची ती पद्धत मला डायव्हिंगहून अधिक आवडते.

प्रश्न : समुद्रात मी ६ किलोची वजने लावतो. गोड्या पाण्यात किती लावावीत? शिवाय आम्ही रविवारी सकाळी मालवणला दोन बुड्या घेऊन दुपारीच आंबोली घाटाने घरी परततो. आमच्या भागात एखादी खाण सापडली तर उंचीमुळे काही फरक पडतो का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. आपण, सिलिंडर आणि बाकीचा संच मिळून १०० किलो भरत असाल तर गोड्या पाण्यात अडीच किलो वजन कमी लागेल. तेव्हा तोच सूट आणि तसाच सिलिंडर असेल तर साडेतीन किलोंपासून सुरुवात करून, जवळजवळ रिकाम्या सिलिंडरने पृष्ठभागाजवळ तपासून पाहावे. सहा किलो तसेच ठेवून उतरलात तर थेट गाळात बसाल, आणि गाळाचे काय होते ते वर लिहिले आहे.

उंचीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोडे तो विचारतात. डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वरची जागा उंचावरची धरली जाते. पुणे ५६० मीटरच्या आसपास, बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे देशावरची जवळजवळ प्रत्येक बुडी या नियमात येते. हवेचा दाब कमी असल्याने वर येताना, बुडीत श्वासाबरोबर शरीरात विरघळलेला नायट्रोजन समुद्रकाठापेक्षा प्रमाणाने अधिक फुगतो. बेळगावच्या उंचीवर गोड्या पाण्यातली १५ मीटरची बुडी समुद्रातल्या सुमारे १६ मीटरच्या बुडीसारखी धरावी लागते. फरक लहान आहे, पण तो धरावा लागतो. हल्लीचे बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर उंची स्वतः ओळखतात. जुन्यांत ती आपण भरावी लागते, आणि काट्याचा जुना खोलीमापक तर उंचावर प्रत्यक्षापेक्षा कमी खोली दाखवतो. कोकणातून वर आल्यावर निदान सहा तास थांबून मगच खाणीत उतरावे, हा सर्वसाधारण दंडक आहे.

आता आपल्या रविवारच्या दुपारविषयी. विमानप्रवासासाठी जी मुदत पाळली जाते ती, एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास, केबिनमधल्या ६०० मीटरपासून पुढच्या उंचीच्या हवेचा विचार करून ठरवली आहे. आंबोलीचा माथा ६९० मीटरच्या आसपास आहे. मोटारीने गेले म्हणून नायट्रोजन वेगळा वागत नाही. शनिवारी बुड्या घ्याव्यात, रविवारी सकाळी किल्ला पाहावा, आणि दुपारी निघावे.

प्रश्न : मी लेस्टरमध्ये राहतो. गोव्यात स्कूबा शिकलो. येथून जवळ स्टोनी कोव्ह ही गोड्या पाण्याची प्रसिद्ध जागा आहे. या जानेवारीत तिथे जावे का? — एक वाचक, इंग्लंड

उत्तर : जागा उत्तम आहे, जानेवारी नको. स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण आहे, खोली सुमारे ३६ मीटरपर्यंत जाते, आणि कोल्हापूरच्या वाचकांना मी काठावर बसून जे जे तपासायला सांगितले ते सर्व तिथे आयते आहे : आत जाण्याची-येण्याची ठरलेली वाट, मोजलेले कट्टे, हवा भरण्याची सोय आणि लक्ष ठेवणारी माणसे.

अडचण थंडीची आहे. पाणी ४ अंशाला सर्वांत जड होते, म्हणून हिवाळ्यात अशा खाणीचा तळ साधारण त्याच तापमानाला जाऊन बसतो. गोव्यात आपण २७-२८ अंशांच्या पाण्यात शिकलात. पाच-सहा अंशांत गोव्याचा ३ मिलिमीटरचा सूट निरुपयोगी आहे. तिथे ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा सूट) लागतो, आणि तो वापरणे हा स्वतंत्र अभ्यास आहे, कारण त्याच्यात शिरलेली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा वर खेचला जातो. रेग्युलेटरही (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारे यंत्र) १० अंशांखालच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेलाच हवा. सिलिंडरमधली हवा प्रसरण पावताना आणखी गार होते, साध्या रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा थांबता थांबत नाही. जड जाड हातमोजे घातलेल्या बोटांनी तो प्रसंग निभावणे नवख्याचे काम नाही.

हिवाळ्यात ड्रायसूटचा अभ्यासक्रम तरणतलावात करून घ्यावा, आणि जूननंतर एखाद्या स्थानिक क्लबबरोबर जावे. वरचे पाणी तेव्हा बरेच उबदार झालेले असते, तरी खालचा थर गारच असतो, म्हणून पहिल्या दोन-तीन बुड्या सर्वांत वरच्या कट्ट्यावरच घ्याव्यात. वजनांचा हिशोब मात्र पूर्ण नव्याने करावा लागेल : बेळगावच्या वाचकांना अडीच किलो कमी करायला सांगितले असले, तरी ड्रायसूट आणि आतले लोकरी कपडे आपल्या पट्ट्यात त्याच्या दुपटीहून अधिक भर घालतील.